तीन वाजताची हजेरी

“हमारी निशिगंधा एकदम शांत है, मिनलबेन. पण दुपारी ना, उसके रूम में चार-पाच बायका बैठती है. मैंने इन कानों से सुना.”

हे वाक्य निशिगंधाने ऐकायचं नव्हतं. सासूबाई, म्हणजे मंदाबाई, बाहेर जिन्याच्या कठड्यापाशी शेजारच्या मिनलबेनसोबत मेथी निवडत बसल्या होत्या. निशिगंधा जाळीच्या दाराआड, एक चप्पल पायात आणि एक हातात, अशी थबकली. लोकर संपली होती. ऊन उतरायच्या आत जाऊन येऊ, एवढाच तिचा बेत होता.

“किटी पार्टी?” मिनलबेन हसल्या.

“कसली किटी! कोई आता नहीं, कोई जाता नहीं. मैं तो हॉल में ही लेटी रहती हूं, दार माझ्या डोळ्यांसमोर. फिर भी बोलतात. एक तर अगदी मास्तरीण. हजेरी घेते.”

“मोबाईल होगा, मंदाबेन.”

“मोबाईलची वायर तर कानात असते हो तिच्या!”

निशिगंधाने कडी मुद्दाम वाजवली. बाहेरचं बोलणं त्याच श्वासात मेथीच्या भावावर गेलं. या कलेत दोघीही तरबेज होत्या.

“येते हां, आई.”

“ये. ओढणी घे डोक्यावर. ऊन बघ कसं भाजतंय.”

तीन मजले उतरताना तिने स्वतःशी हसायचा प्रयत्न केला, पण हसू काही फुटेना. लग्न होऊन मीरा-भाईंदरच्या सिल्व्हर पार्कमध्ये आल्याला चार महिने झाले होते, आणि तेवढ्यात एक गोष्ट तिला पक्की कळली होती. मंदाबाईंचे कान कधी चुकत नाहीत. कुकरच्या शिट्ट्या त्या झोपेत मोजतात. पाण्याची मोटर बंद पडली की सोसायटीच्या वॉचमनच्या आधी त्यांना कळतं. त्या चार-पाच बायका म्हणत असतील, तर चार-पाचच.

आणि निशिगंधा रोज दुपारी ज्यांच्यासोबत बसायची, त्या तिला धरून पाच जणी होत्या. पण त्या फोनमध्ये होत्या. इअरफोनमध्ये. त्यांचा आवाज तिच्या कानाबाहेर पडायला वाटच नव्हती.

*

‘साखळी’ हा क्रोशाकाम करणाऱ्या बायकांचा ग्रुप. लॉकडाऊनमध्ये नीलिमाताईंनी सुरू केलेला. त्या इथल्याच बेव्हर्ली पार्कात राहायच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. निशिगंधा तेव्हा संगमनेरला माहेरी होती. कॉलेज बंद, घरात सहा माणसं, आणि तिला बोलायला कुणी नाही. म्हणजे माणसं होती, पण तिच्या वाटचंही तीच बोलत. कुठून तरी तिला ग्रुपची लिंक मिळाली आणि ती आत शिरली ती शिरलीच.

ग्रुपमध्ये दोनशे बायका. कुणी तोरणाचा फोटो टाकायची, कुणी रुमालाचा, कुणी उसवलेल्या कोपऱ्याचा रडका फोटो टाकून “काय चुकलं?” विचारायची आणि दहा जणी धावायच्या. पण खरा जीव होता तो दुपारी तीनच्या बैठकीत. नीलिमाताईंनी एक कायमची लिंक करून ठेवली होती. तीन वाजता ती उघडायची. नुसता आवाज, चेहरा नाही, नावं नाहीत. पडद्यावर फक्त किती जणी आल्या त्याचा आकडा. नीलिमाताई दिवसाचा नमुना सांगायच्या. आज वीस साखळ्या, त्यावर खांब, कडेला मुका खांब, असे टाके. मग चाळीस मिनिटं कुणी बोलायचं नाही. फक्त हात चालायचे.

बैठकीचे नियम दोन. पहिला, माईक बंद करायचा नाही. एकमेकींचं घर ऐकू आलं पाहिजे. दुसरा नियम हजेरीचा.

“गैरहजर हा शब्द मी छत्तीस वर्षं लिहिला,” नीलिमाताई म्हणायच्या. “आता नाही लिहायचा. एखादी आली नाही, तर शेजारणीनं तिच्या नावाचा ‘आहे’ म्हणायचा. तिची जागा धरून ठेवायची. आणि कायमचं निघायचं असेल, तर सांगून निघायचं. न सांगता गेलेल्या पोराचं नाव वर्षभर पटावर राहतं, ठाऊक आहे ना?”

दोनशेतल्या रोज नेमाने येणाऱ्या पाचच. नीलिमा. जाईबाई. सुचेता. अनुष्का. निशिगंधा. याच क्रमाने. स्वतःचं नाव ताई स्वतःच पुकारायच्या आणि स्वतःच “आहे” म्हणून हसायच्या.

एकदा निशिगंधा टायफॉइडने तीन आठवडे अंथरुणाला खिळली होती. बरी झाल्यावर कळलं की त्या एकवीसही दिवशी कुणी ना कुणी तिच्या नावाचा ‘आहे’ म्हणालं होतं. रोज. न चुकता. ती त्या दिवशी पांघरूण डोक्यावर घेऊन रडली होती. आपण नसताना आपली जागा कुणी धरून ठेवतं, हे तिला नवीन होतं.

चौघींपैकी एकीचाही चेहरा तिने पाहिला नव्हता, पण चौघींच्या दुपारी तिला तोंडपाठ होत्या. नीलिमाताईंचं भिंतीवरचं घड्याळ दीड मिनिट मागे. हजेरी संपली की ते तीन ठोके द्यायचं. जाईबाई पालीची, भाईंदरच्या समुद्रकाठच्या कोळीवाड्यातली. तिच्याकडे वाळत घातलेल्या मासळीवर कावळ्यांचा कालवा, अरुंद गल्लीच्या वळणावर स्कूटरचा हॉर्न, आणि या सगळ्यामागे दबून समुद्र. सुचेताताईंचा पोपट, मिठू, “कोण आलं? कोण आलं?” करायचा. अनुष्काच्या घराखाली शिंप्याचं मशीन चालायचं. निशिगंधा मीरा-भाईंदरला लग्न करून येण्याआधी कानांनी इथे कितीतरी वर्षं राहून गेली होती.

दोन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षात, नीलिमाताई गेल्या.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता सगळ्या आल्या. कुणाला काही सुचेना. शेवटी सुचेताताईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली आणि जिभेच्या सवयीने पहिलं नाव निघून गेलं. “नीलिमा?”

पालीचा समुद्र तेवढा ऐकू येत होता.

मग जाईबाई हळूच म्हणाली, “हाय गो. बोल पुढं.”

कुणी हरकत घेतली नाही. कशी घेणार? पटावर नाव होतं, शेजारीण बोलली होती, नियमाप्रमाणेच झालं होतं. त्या दिवसापासून रोज ताईंच्या नावाचा ‘आहे’ म्हटला गेला. सहा महिन्यांनी तर निशिगंधाला पुन्हा ते घड्याळही ऐकू येऊ लागलं, दीड मिनिट मागेच. तिला वाटलं, ताईंच्या घरचं कुणीतरी प्रेमाने फोन चालू ठेवत असेल. सुचेताताईंचा आवाजही हळूहळू ताईंच्या वळणावर गेला होता. हजेरी घेता घेता मास्तरकी अंगात येते म्हणून ती सोडून द्यायची. ज्या गोष्टीचा आधार असतो, तिची कारणं माणूस उकरत नाही.

ग्रुपचं मात्र वाटोळं झालं. ताईंच्या मागे कुणी एक नवी अ‍ॅडमिन झाली आणि ‘साखळी’चं दुकान झालं. रुमालांचे दर, हप्त्यावर कोर्स, घरबसल्या कमवा, सकाळी उगवत्या सूर्यावर गुलाब. उसवलेल्या कोपऱ्याचा फोटो कुणी टाकला तर “ताई, रेडिमेड घ्या ना, आमच्याकडे आहे” असं उत्तर. बायका एकेक करून निघून गेल्या. निशिगंधाही कधीच निघाली असती. पण तीनची लिंक अजून उघडत होती, आकडा पाच दाखवत होती, आणि या नव्या घरात लग्नाआधीचं तिचं असं तेवढंच उरलं होतं. नवरा, स्वप्नील, आठला अंधेरीला ऑफिसला जायचा तो रात्री आठला उगवायचा. माणूस प्रेमळ, पण प्रेमळ माणसाला दुपार कुठून सांगायची?

आठ दिवसांपूर्वी बैठकीत नमुना सांगितला गेला, “आज टोपरं. पांढरी लोकर. सहा साखळ्यांचा गोल.” टोपरं? कुणाकडे बाळ आहे की काय, असं मनात येईपर्यंत तिच्या हातांनी गोल पुराही केला होता.

त्यानंतर चार दिवसांनी, पाळी चुकल्याचं लक्षात येऊन, तिने औषधांच्या दुकानातून पट्टी आणली. दोन रेघा आल्या. ती पट्टी तिने कागदात गुंडाळून लोकरीच्या पिशवीच्या तळाशी ठेवली. स्वप्नीलला रविवारी निवांत सांगायचं ठरवलं होतं. आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

कुणालाही.

*

लोकरीच्या दुकानात गर्दी नव्हती. निशिगंधा पांढऱ्या लोकरीचे गुंडे चाचपत होती, इतक्यात मागून आवाज आला. “भैया, ये नहीं, चार नंबर का सुई दो. हँडलवाला.”

ती गर्रकन वळली. साठीच्या, चष्मा लावलेल्या, खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या एक बाई. चेहरा पूर्ण अनोळखी आणि आवाज घरचा.

“सुचेताताई?”

बाईंनी चष्मा वर सरकवला. “कोण गं तू?”

“मी निशिगंधा. संगमनेरची.”

“अगं बाई!” सुचेताताईंनी तिचे दोन्ही हात धरले. “एवढीशी आहेस होय तू! मला वाटायचं चांगली उंच असशील. इकडे कशी? आणि हे मंगळसूत्र कधी पडलं गळ्यात?”

दोघी दुकानाच्या पायरीवर बाजूला उभ्या राहिल्या. निशिगंधाला काय सांगू आणि काय नको असं झालं. ती हसत म्हणाली, “आणि तुमचा मिठू आज काय ओरडत होता हो! माझा एक खांब चुकला त्याच्यापायी.”

सुचेताताईंचा हात पिशवीतच राहिला.

“कुठे ऐकलास?”

“तीनच्या बैठकीत.”

“मिठू मागच्या दिवाळीत गेला, निशिगंधा.”

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. समोर उसाच्या रसाचा चरक घुंगरू वाजवत फिरत होता. टळटळीत ऊन. अशा उजेडात माणसाला भीती वाटू नये, असं तिला वाटून गेलं.

“आणि बैठक कसली?” सुचेताताई हलक्या आवाजात म्हणाल्या. “ती ताई गेल्यावर चार महिन्यांत मोडली. आधी अनुष्का यायची थांबली, तिचं बिऱ्हाड पुण्याला हललं. मग जाईबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तिला टाका दिसेना. शेवटी मी आणि तू. मग मीही... लिंक उघडायचंच बंद केलं. सांगून निघायला हवं होतं, कळतं मला. पण ताईंच्या बैठकीतून निघते, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? आम्ही तिघीही अशाच गुपचूप पळालो. मला वाटलं, तूही दोन दिवस वाट बघून बंद केलं असशील.”

“आकडा रोज पाच असतो,” निशिगंधा म्हणाली.

“हजेरी कोण घेतं?”

“तुम्ही.”

सुचेताताईंनी मान हलवली. नाही. मग त्यांनी हातातली सुई पिशवीत टाकली.

“माझ्या नावाचा ‘आहे’ कोण म्हणतं गं?”

निशिगंधा ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

“सांगू का तुला... हसू नकोस. दीड वर्ष झालं, दुपारी तीनला माझा डोळा लागत नाही. कुणीतरी नाव घेऊन थांबलंय असं वाटतं. मी इकडे, आणि माझं काहीतरी तिकडे बसवून ठेवलंय. जाईबाईला फोन केला होता, तर तीही तेच म्हणाली. ‘तीनला मी घरात असून घरात न्हाय बाय.’” त्यांनी निशिगंधाचा दंड धरला. “तू आमच्यासारखं करू नकोस. निघ, पण सांगून निघ.”

*

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला निशिगंधाने स्वप्नीलचा जुना फोन रेकॉर्डिंगला लावून कपाटावर, घड्या घातलेल्या चादरींमागे ठेवला. मग पलंगावर बसून इअरफोन लावणार, तोच दार ढकलून मंदाबाई आत आल्या. हातात ट्रे. ट्रेमध्ये चहाचे पाच कप, आणि कडेला चांदीची छोटी वाटी.

“तुझ्या मैत्रिणींना,” त्या म्हणाल्या. टोमणा असेल म्हणून निशिगंधाने वर पाहिलं. टोमणा नव्हता. मंदाबाईंचा चेहरा अगदी सरळ होता, पाहुण्यांसमोर असतो तसा.

“आई... इथे कुणी नाही हो.”

“नसू दे. आलेल्या बाईला चहा विचारावा, एवढं मला समजतं.” ट्रे टेबलावर ठेवून त्या वळल्या.

“आणि हे वाटीत?”

“दूध.”

“दूध कुणाला?”

मंदाबाई दारात थांबल्या. पदराने हात पुसत राहिल्या. “काल मी सहा वेळा ऐकलं, निशिगंधा. पाच नावं घेतली तिनं. मग सहावीला विचारलं. लहान मुलाशी बोलावं, तशा आवाजात.” मग स्वतःशीच बोलल्यासारखं, “आता खरं-खोटं देव जाणे,” म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.

काल बैठकीत निशिगंधाने पाचच नावं ऐकली होती. ती शपथेवर सांगायला तयार होती.

त्या दिवशीही तिने पाचच ऐकली. घड्याळाने ठोके दिले. कावळे ओरडले. मिठूने “कोण आलं?” विचारलं. ती सुई हातात धरून नुसती बसून राहिली. चाळीस मिनिटांनी उठली तेव्हा चहा गार झाला होता. पाचही कप जसेच्या तसे, वर साय धरलेली.

वाटी तिने शेवटी पाहिली. वाटीतलं दूध अर्धं झालं होतं.

संध्याकाळी मंदाबाई खाली भाजीला गेल्यावर ती बाल्कनीत गेली आणि जुना फोन कानाला लावला.

आधी पंख्याची घरघर. पलंगाची एक करकर. मग कुणीतरी घसा खाकरला. घसा तिचाच.

“नीलिमा?”

शब्द नीलिमाताईंचा, ठसका ताईंचा, तो शाळेतला उंच सूर ताईंचा. पण आवाज पलंगावरून येत होता. निशिगंधाच्या तोंडातून.

“आहे.”

“जाईबाई?”

“हाय गो.” हेही तिनेच म्हटलं होतं. तिला पालीची बोली बोलता येत नव्हती.

“सुचेता?” “आहे.” “अनुष्का?” “आहे गं, आहे.” एकामागून एक, चार वेगवेगळ्या बायका, आणि चारही बायकांच्या मध्ये श्वास एकीचाच.

“निशिगंधा?”

तिने फोन कानाशी घट्ट दाबला. रेकॉर्डिंगमधला पंखा फिरत होता. पलंगावरून काही आलं नाही. उत्तर आलं ते लांबून, दाराकडून, फोनपासून आठ-दहा हातांवरून.

“आहे.”

हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. पाचांपैकी कुणाचाच नव्हता. कुणीतरी शेजारधर्माने तिची जागा धरून ठेवली होती.

आणि मग, मंदाबाई म्हणाल्या होत्या तशा मऊ, लाडिक आवाजात, तिच्याच ओठांनी, “आणि सहावी?”

पंखा. कुठेतरी चमचा वाटीला लागल्यासारखं किणकिणलं.

“लाजते का? बरं. उद्या विचारते हं.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मंदाबाईंनी तिच्याकडे दोनदा रोखून पाहिलं, पण काही विचारलं नाही. जेवणं झाली. अडीचला त्यांनी पायांत चपला सरकवल्या.

“मी मिनलबेनकडे बसते. तुझं काय ते उरकून घे.” उंबऱ्यापाशी त्या थांबल्या. “बाहेरून कडी घालून जाऊ का?”

“घाला,” निशिगंधा म्हणाली.

कडी वाजली. समोरच्या घराची बेल वाजली, दार उघडून मिटलं. घरात आता ती एकटी. खिडकीचा पडदा ओढलेला होता, त्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी फरशीवर पडली होती. दुपार अशी निपचित पडली होती की वरच्या मजल्यावरच्या नळाचा थेंबसुद्धा ऐकू येत होता. खोलीत कसला तरी वास होता, खडूचा आणि जुन्या रजिस्टरांचा. आजवर तिला तो कधी जाणवला नव्हता, की जाणवूनही घरचाच वाटला होता?

तिने पिशवीतून अर्धं विणलेलं टोपरं काढलं. शेवटचा टाका सोडला आणि दोरा ओढला. टोपरं फेरामागून फेर उसवत गेलं. मऊ, वाकडी झालेली लोकर तिने शांतपणे गुंड्याला गुंडाळली. दुकानातून आणलेली नवी लोकर अजून तशीच होती. बाळाचं टोपरं ती विणणार होती, पण तिच्या मनाने, तिच्या वेळेला, आणि हॉलमध्ये बसून.

तीन वाजता तिने लिंक उघडली. आकडा: पाच.

समुद्र होता. कावळे होते. शिंप्याचं मशीन होतं. इतकी वर्षं या आवाजांनी तिला सांभाळलं होतं. संगमनेरच्या माळ्यावर, टायफॉइडच्या खाटेवर, लग्नाच्या आदल्या दुपारी मेंदी वाळताना. तिला अचानक वाटलं, राहू द्यावं. काय बिघडतंय? पण सुचेताताईंचा तो चेहरा आठवला. नाव घेऊन कुणीतरी थांबलंय. हे आवाज ज्यांचे होते, त्या तिथे नव्हत्या; आणि जिथे होत्या, तिथेही पुऱ्या नव्हत्या. प्रेमाने धरून ठेवलेली जागा माणसाला सोडेना झाली होती.

तिने उजव्या हाताचा तळवा तोंडावर घट्ट दाबून धरला. आज आपले ओठ हलणार नाहीत.

“नीलिमा?”

आवाज तिचा नव्हता. ओठ मिटलेले होते, तळव्याला नुसता स्वतःचा श्वास लागत होता. आणि कानात नीलिमाताई, तशाच, दोन वर्षांपूर्वीच्या.

निशिगंधाने हात खाली घेतला. बैठकीत आजवर ती एका शब्दापलीकडे कधी बोलली नव्हती.

“नाही,” ती म्हणाली. “ताई, तुम्ही गेलात. मार्गशीर्षात. आम्ही तुम्हाला जाऊ दिलं नाही... चुकलं आमचं.”

घड्याळाची टिकटिक थांबली. ती चालू होती हेही थांबल्यावर कळलं. आकडा चार झाला. पण हजेरी थांबली नाही. आवाज तोच, फक्त किंचित लांब गेलेला.

“जाईबाई?”

“नाही. तिला टाका दिसत नाही आता. ती तिच्या घरी आहे.”

कावळे गेले. समुद्र गेला. समुद्र जाताना खोलीतली हवाच कुणीतरी ओढून नेल्यासारखी झाली. तीन.

“सुचेता?”

“नाही.” मिठूने “कोण...” एवढंच विचारलं. दोन.

“अनुष्का?”

“नाही.” मशीन टाका अर्धवट ठेवून थांबलं. एक.

आता कानात फक्त एक पंखा फिरत होता. तिच्याच खोलीतला, तिच्याच डोक्यावरचा.

“निशिगंधा?”

दाराकडे काहीतरी हललं. बाहेरच्या दाराला कडी होती. मंदाबाई समोरच्या घरी होत्या. मिनलबेनच्या हॉलमधलं त्यांचं बोलणं जिन्यापलीकडून पुसट येत होतं. तरी दाराच्या आतल्या बाजूला, पडद्याच्या सावलीत, कुणीतरी तिच्या वतीने बोलायला तोंड उघडलं. निशिगंधाने त्याच्याआधी म्हटलं,

“नाही. मी निघाले. सांगून निघालेय.”

कानातला पंखा थांबला. डोक्यावरचा फिरत राहिला. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तरी तिला हलकं वाटलं. भरल्या ताटावरून उठताना अन्नाला नमस्कार करावा तसे तिने हात जोडले, आणि फोन बंद करायला खाली पाहिलं.

आता शून्य दिसायला हवं होतं.

आकडा एक होता.

तिने इअरफोन कानांतून ओढून काढले. वायर फोनपासून उपटली. तरी खोलीत एक आवाज राहिला. बारीक, घाईघाईचा, टपटप टपटप, जणू खूप लांब कुणी मूठभर दाणे पत्र्यावर सोडतंय. तो कुठल्याच घराचा नव्हता. पाच घरांच्या दुपारी तिला पाठ होत्या, त्यांत तो कधी नव्हता. पुढे महिन्याभराने, सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांनी मशीनचा आवाज वाढवला तेव्हा तिला तो ओळखू येणार होता, आणि ती पलंगाची कड गच्च धरणार होती. पण त्या दुपारी तिला तो माहीत नव्हता. तिचा हात मात्र आपोआप पोटावर गेला.

“आणि सहावी?” ताईंच्या आवाजाने विचारलं. फोनमधून नाही. अगदी जवळून, वाकून, लाडाने.

दाराच्या सावलीत कुणीतरी उत्तरासाठी श्वास आत घेतला.

निशिगंधा उठून उभी राहिली. मांडीवरचा गुंडा घरंगळत दाराकडे गेला आणि सावलीच्या कडेला, कुणीतरी पायाने अडवावा तसा थांबला. तिने तिकडे पाहिलं नाही. संगमनेरला नाही, या घरात नाही, आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा मोठा आवाज तिने काढला. समोरच्या घरातलं मंदाबाईंचं बोलणं तुटलं, इतका.

“तिच्या वतीनं कुणी बोलायचं नाही. ती आली, की तिचं ती सांगेल.”